पैनगंगेवरची तेरा महिन्यांची सरहद्द

‘सरहद्द कडक करा, कुंपण घाला, दिसेल त्या घुसखोराला हाकला, प्रश्न मिटला.’ असे संदेश हल्ली आपल्याही व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतात. वर भीमजयंतीच्या वर्गणीचा हिशेब आणि खाली लगेच बांगलादेशी घुसखोरांचा व्हिडिओ! नांदेड-लातूरच्या तरुणाला सरहद्द म्हटले की आसाम आठवतो, नाहीतर टीव्हीवरची वाघा चौकी. पण त्याच्या आजा-पणजाने सरहद्द दाराशी पाहिलेली आहे. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे तेरा महिने, आपले दोन्ही जिल्हे भारतात नव्हते. सरहद्द कडक केली की माणसे थांबतात का, हे तपासायला आपल्याला लांब जायची गरज नाही.

तेव्हाचा नकाशा आधी समजून घेऊ. लातूर हा जिल्हाच नव्हता, तो १९८२ साली झाला. लातूर गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होते, तर उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदर जिल्ह्यात. नांदेडच्या उत्तरेला पैनगंगा आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातले उमरखेड. अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रजांचे वऱ्हाड. पश्चिमेला बार्शी आणि सोलापूर इंग्रजी मुलखात. निजामाचे चलन वेगळे होते, हाली सिक्का. पलीकडच्या रुपयाला आपले लोक कलदार म्हणत. मालावर जकात घेणारे खातेही वेगळे, त्याचे नाव करोडगिरी. तरीही माणसांची ये-जा कधी थांबली नव्हती. कुर्डुवाडीहून निघालेली बार्शी लाईट रेल्वे १९११ पासून ही हद्द ओलांडून लातूरला येत होती. सोलापूरच्या गिरण्यांना मजूर हवे होते आणि मुंबईला तर हवेच होते. निजामी मुलखातला भूमिहीन माणूस पोटामागे जात होता आणि परत येत होता. त्याला कोणी घुसखोर म्हणत नव्हते.

१९४७ साली इंग्रज गेले, निजामाने विलीन व्हायला नकार दिला आणि तीच जुनी हद्द एका रात्रीत दोन सत्तांमधली सरहद्द झाली. २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार झाला, पण दोन्ही बाजूंचा पहारा वाढतच गेला. इकडे निजामाचे पोलीस, फौज आणि कासिम रझवीचे रझाकार होते. हा रझवी लातूरचाच वकील, हे विसरायचे नाही. पलीकडे भारताचे पोलीस होते आणि पुढे सैन्यही आले. इतकी बंदोबस्तातली सरहद्द मराठवाड्याने त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही.

आणि नेमक्या याच तेरा महिन्यांत ती सर्वांत जास्त ओलांडली गेली.

रझाकारांच्या धाकाने गावेच्या गावे उठून वऱ्हाडात आणि सोलापूरकडे गेली. उलट बाजूने, फाळणीच्या दंगलींनी घाबरलेले मुसलमान मध्य प्रांत-वऱ्हाडातून आणि त्याहून लांबून आसऱ्यासाठी निजामाच्या राज्यात येत होते. स्टेट काँग्रेसने सरहद्दीला लागून कॅम्प उभारले होते. तिथले स्वातंत्र्यसैनिक रात्री आत शिरत आणि पहाटेपूर्वी परत जात. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधींचा खून झाला त्याच दिवशी, उमरीची सरकारी बँक लुटली गेली आणि लाखोंची रक्कम सरहद्दीपार पोचली. नोटांची पोती ज्या सरहद्दीतून निघून जातात, तिथे पोटाशी लेकरू धरलेली बाई कोण अडवणार?

भारत सरकारने मग नाकेबंदी केली. पेट्रोल, यंत्रसामग्री, शस्त्रे, काहीच आत जाऊ द्यायचे नाही असे ठरले. हैदराबादला समुद्रकिनारा नाही, चहूबाजूंनी भारत. याहून सोयीची नाकेबंदी कागदावरसुद्धा आखता येणार नाही. पण सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीची विमाने उडवली आणि शस्त्रे थेट निजामाच्या धावपट्ट्यांवर उतरवली. नाकेबंदीने शस्त्रे थांबली नाहीत, फक्त महाग झाली. त्या महागाईचा पैसा कॉटनच्या खिशात गेला. मीठ आणि औषधांची टंचाई मात्र गरिबाच्या घरात आली. पहारा जितका वाढतो तितका दलालाचा दर वाढतो. दलाल नावाचा प्राणी पहाऱ्यावरच जगतो.

मग माणसांचा हा लोंढा थांबला कधी? १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज शिरली, १७ ला निजामाने शस्त्रे ठेवली, रझाकारांचा धाक संपला आणि पळून गेलेली हिंदू कुटुंबे परत यायला लागली. त्यांना कोणी पकडून आणले नाही. पळण्याचे कारण संपले, एवढेच. पण त्याच आठवड्यात दुसऱ्यांसाठी पळण्याचे कारण जन्माला आले. हा भाग आपल्याकडे मुक्तिदिनाच्या भाषणांत येत नाही, म्हणून तो इथे सांगणे भाग आहे. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षाच्या अखेरीस दौरा केला. पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर राज्यात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे तिने नोंदवले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर शहरात सुमारे दहा हजार मुसलमान होते, समितीला जेमतेम तीन हजार सापडले. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे पळाले होते. हा अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला गेला. म्हणजे तेरा महिन्यांत प्रवाहाची दिशा दोनदा फिरली आणि दोन्ही वेळा ती भीतीने फिरवली. चौकीतल्या शिपायाचा त्यात काही वाटा नव्हता.

सरहद्द सगळ्यांना सारखीच असते हा गैरसमजही याच काळाने खोटा ठरवला. निजामाचा पंतप्रधान मीर लायक अली हैदराबादेत नजरकैदेत होता. मार्च १९५० मध्ये तो पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन निसटला आणि पाकिस्तानात पोचला. १९५७ साली रझवी सुटला, तोही पाकिस्तानात गेला. आणि त्याच पाकिस्तानातून भारतात येऊ पाहणाऱ्या अस्पृश्यांचे काय झाले? त्यांना सोडलेच जात नव्हते! कराचीचे रस्ते आणि संडास साफ कोण करणार, हा तिथल्या सरकारपुढचा प्रश्न होता. त्यांची कामे ‘अत्यावश्यक सेवा’ ठरवून त्यांना अडवून ठेवले गेले. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून नेमकी हीच तक्रार केली आणि या लोकांना बाहेर काढण्याची मागणी केली. त्याआधी, २७ नोव्हेंबर १९४७ च्या निवेदनात, त्यांनी पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना मिळेल त्या मार्गाने भारतात या असे सांगितले होते. हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका म्हणून बजावलेही होते. ‘मिळेल त्या मार्गाने’ याचा अर्थ नीट लक्षात घ्या. परवाना मिळाला तर परवान्याने, नाही मिळाला तर परवान्याशिवाय. स्वतंत्र भारताचा कायदेमंत्री हे सांगत होता.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी तर पाकिस्तानवरच्या ग्रंथात लोकसंख्येची अदलाबदल सुचवली होती, मग ते सरहद्द मानणारेच झाले. मान्य. ते सरहद्दीचे विरोधक नव्हतेच. पण ग्रीस, तुर्कस्तान, बल्गेरियाचा दाखला देऊन त्यांनी जे सुचवले, ती दोन सरकारांनी जबाबदारी घेऊन केलेली व्यवस्था होती. माणसाला वाऱ्यावर सोडून चौकीत शिपाई वाढवणे ही त्यांची योजना नव्हती.

दिल्लीने पुढे काय केले ते पाहा. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवाना लादला. पूर्वेकडे १५ ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट आला. त्याने लोंढा आटायला हवा होता. झाले उलटेच. दार बंद होणार अशी बातमी पसरताच त्याआधीच्या महिन्यांत पूर्व बंगालमधून निर्वासितांची रीघ लागली, त्यात मोठा भरणा नमःशूद्रांचा होता. हे आपले परके नव्हेत. १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेत पाठवण्यासाठी झटणारे जोगेंद्रनाथ मंडल याच समाजाचे. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० च्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन कलकत्त्याला निघून आले. मंत्र्याला राहवले नाही, तिथे शेतमजुराला पासपोर्टचा नियम काय थोपवणार?

अमेरिकेचा अनुभवही याच जातीचा आहे. १९४२ ते १९६४ पर्यंत मेक्सिकन मजूर सरकारी कराराने हंगामापुरते येत आणि परत जात. करार संपला, पण शेतमालकांची मजुरांची गरज संपली नाही. मजूर येत राहिले, आता बेकायदा ठरून. १९८६ नंतर पहाऱ्यावर अफाट पैसा ओतला गेला आणि २००८ पर्यंत बेकायदा राहणाऱ्यांची संख्या ३० लाखांवरून १ कोटी २० लाखांच्या घरात गेली. डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण शोधले. ओलांडणे धोक्याचे आणि खर्चिक झाल्यावर एकदा आलेला माणूस परत जायला धजेना. त्याने बायका-मुलांनाच बोलावून घेतले.

हे समजायला आपल्याला ऊसतोड पुरे. अहमदपूर-कंधारच्या वाड्या-तांड्यांवरून कोयता दिवाळीच्या सुमारास निघतो आणि उन्हाळ्यात गावी परततो. उद्या भीमा नदीवर चौकी बसवली आणि प्रत्येक फेरीला मुकादमाला वीस हजार वेगळे मोजावे लागले, तर किती जोडपी परत येतील? उचल तशीच राहील, फडही तसाच राहील, फक्त माणूस तिकडेच अडकेल. आणि कागद नसलेला मजूर कारखान्याला, मालकाला अधिकच स्वस्त पडेल, कारण तो तक्रार घेऊन कुठेच जाऊ शकणार नाही. म्हणूनच घुसखोरीच्या नावाने ओरडणारे पक्ष बांधकामाच्या ठेकेदाराला किमान वेतनाबद्दल कधी विचारत नाहीत. बेकायदा मजुराला कामावर ठेवणे परवडेनासे झाले तर भरती आपोआप घटेल. पण तो खर्च मालकाला पडतो, आणि चौकीचा खर्च सरकारी तिजोरीला.

सरहद्दीवर जे जमत नाही ते मग सरकार गावात येऊन करते, कागद मागून. बांगलादेशची सरहद्द ४,०९६ किलोमीटर, त्यातल्या बहुतेक भागाला कुंपण आहे. तरीही आसामात नागरिक नोंदवही करावी लागली आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला १९ लाखांहून अधिक माणसे यादीबाहेर राहिली. महाराष्ट्रात जानेवारी २०२५ मध्ये उशिराच्या जन्म नोंदींचे दाखले देणे थांबवले गेले, कारण सांगितले बांगलादेशींचे. उशिरा जन्म नोंदवणारे लोक कोण असतात? ज्यांची बाळंतपणे फडावर, वीटभट्टीवर, पालात होतात ते.

आणि पुराव्याची ही परीक्षा आपण आधीपासून देतोच आहोत. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. मराठवाड्यात तेव्हाची दप्तरे उर्दूत आणि मोडीत. पन्नासच्या दशकातल्या खासरा पाहणीत नाव त्याचे, ज्याची जमीन. आजा शाळेत गेलाच नाही म्हणून प्रवेश निर्गमचा उतारा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-उस्मानाबादच्या कितीतरी घरांत असलेले कागदही ढिगाऱ्याखाली गेले. ज्या नमःशूद्रांना १९५० नंतर सरकारनेच आणून गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात वसवले, त्यांची तर आणखी वेगळी गत. बंगालमध्ये ते अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. २००३ च्या नागरिकत्व दुरुस्तीने आई-बापांपैकी एक जरी ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरला तरी इथे जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व अडते, हे कलम आले. त्याविरुद्ध बंगालमध्ये मतुआ समाज वर्षानुवर्षे रस्त्यावर आहे. पुढच्या वेळी गटावर तो व्हिडिओ आला, तर त्याखाली पाठवणाऱ्याला एवढेच विचारा: तुझ्या पणज्याचा १९५० पूर्वीचा कागद घरात आहे का?