घरपोच शुश्रूषा: धानोरा तालुक्यातील सुईण, नर्सबाई आणि आरोग्यदूत

धानोरा हा गडचिरोली जिल्ह्याचा छत्तीसगडला लागून असलेला तालुका. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे. तालुक्यात गोंड वस्ती मोठी, गावे लहान आणि टोल्याटोल्यांत विखुरलेली. पावसाळ्यात नाले चढले की रस्ता बंद. अशा मुलखात आजाऱ्याची सेवा घरातच व्हायची. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे सगळे सून नाहीतर लेक करी, बाळंतपणाला सुईण येई आणि दुखणे हटेना तेव्हा पुजाऱ्याला बोलावले जाई. सुईण बहुधा स्वतःच पोक्त वयाची असे. तिचे शिक्षण म्हणजे आधीच्या सुईणीच्या शेजारी बसून पाहिलेली बाळंतपणे.

सरकारी नर्सबाई या चित्रात बऱ्याच उशिरा आली. भोर समितीने 1946 मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली आणि 1952 पासून देशात ती केंद्रे उभी राहू लागली. पुढे उपकेंद्रे झाली. आदिवासी भागासाठी 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि त्यात एक एएनएम, म्हणजेच ही नर्सबाई, असा निकष ठरला. कागदावर तीन हजार हा आकडा लहान दिसतो. जंगलातल्या तालुक्यात तेवढी माणसे अनेक गावांत पसरलेली असतात आणि नर्सबाईला ती पायी किंवा सायकलने गाठावी लागत. गरोदर बायकांची नोंद, लसीकरण आणि कुटुंबनियोजन यांतच तिचा दिवस जाई. म्हातारी माणसे तापाची गोळी किंवा जखमेची पट्टी यापलीकडे तिच्या वाट्याला क्वचितच आली. दोष तिचा नव्हता, तिच्या कामाची आखणीच तशी होती.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिचे ‘शोधग्राम’ धानोरा तालुक्यात, गडचिरोलीहून धानोऱ्याकडे येताना सतराएक किलोमीटरवर, चातगावजवळ आहे. दवाखाना बांधण्याआधी आदिवासींनाच विचारण्यात आले की तुम्ही इस्पितळात का येत नाही. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, ही उत्तरे अपेक्षित होती. एक उत्तर मात्र अनपेक्षित होते. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात. आमच्यात पांढऱ्या कापडात मढे गुंडाळतात, मग ते लोक जीव कसा वाचवणार? नर्सचा पांढरा गणवेश शहरात स्वच्छतेची खूण मानला जातो, इथे तो कफनासारखा दिसत होता. 1993 मध्ये उभ्या राहिलेल्या ‘माँ दंतेश्वरी दवाखान्या’ला गावाचे रूप आहे. रुग्णांसाठी झोपड्या आहेत, सोबतीला घरची माणसे राहतात आणि नाव लोकांच्या देवीचे आहे. नातेवाईक जवळ असले की खाऊ घालणे, उठवणे, कूस बदलणे ही अर्धी शुश्रूषा ओळखीच्या हातांनी होते.

याच काळात संस्थेने घरच्या शुश्रूषेलाच शास्त्राची जोड दिली. सुरुवात सुईणींपासून झाली. बाळाच्या न्यूमोनियाची शंका आली की श्वास मोजावे लागतात आणि पुष्कळ सुईणींना मोजणी येत नव्हती. त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेले साधन तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर औषध द्यायचे. पुढे थोडेफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन घेऊन त्या बाळंतिणीच्या घरी जात. 39 गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी 62 वरून तीन वर्षांत सुमारे 25 वर आले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. 2011 मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत गावोगावच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. दवाखान्यात बाळंतपण झाले तर सहा गृहभेटी, घरी झाले तर सात. भेटींचे दिवसही ठरलेले, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. घरच्या बाळंतपणाला पहिल्या दिवसाची भेट जास्तीची.

बाळे जगू लागली, माणसांचे आयुष्य लांबले आणि मरणाची कारणे बदलली. एप्रिल 2011 ते मार्च 2013 या काळात जिल्ह्यातल्या 86 गावांत प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवण्यात आली. सर्वांत मोठे कारण निघाले लकवा, म्हणजे पक्षाघात: एकूण मृत्यूंपैकी 14.3 टक्के. इतक्या दुर्गम भागात मलेरिया किंवा क्षयाचे नाव पुढे येईल असा अनेकांचा समज होता. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी 87.3 टक्के माणसांचा मृत्यू घरीच झाला होता.

म्हणजे लकवा मारलेल्या माणसाची सेवा आजही सून, लेक किंवा म्हातारा जोडीदारच करतो. हे काम सोपे नाही. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर कंबरेला आणि टाचेला जखमा होतात. माणसाला आडवे ठेवून पेज पाजली तर ती श्वासनळीत जाऊन छातीचे दुखणे जडते. पाठीला टेकू देऊन, घोटाघोटाने पाजावी लागते. बाळाचे तापमान कसे घ्यायचे हे आरोग्यदूताला जसे शिकवले गेले, तसेच हे घरच्या माणसाला शिकवता येते. ‘सर्च’ने पक्षाघात रोखण्यासाठी गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत पन्नाशीपुढच्या लोकांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचे काम हाती घेतले. त्यात बाळांच्या वेळी नसलेली एक अडचण होती: काहीच दुखत नसताना रोज गोळी का घ्यायची, हे म्हाताऱ्या माणसाला पटवणे.

सरकारी पातळीवर ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 मध्ये सुरू झाला आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना घरी जाऊन भेटण्याची तरतूद त्यात आहे. धानोऱ्याचा अनुभव सांगतो की नुसत्या तरतुदीने भेट होत नाही. दिवस ठरवून दिले, त्या कामाचे शिक्षण दिले आणि हातात साधने दिली की होते. नवजात बाळासाठी आहे तशी काटेकोर यादी लकवा मारलेल्यांसाठीही करावी आणि तिची सुरुवात पहिल्याच आठवड्यापासून व्हावी. 86 गावांच्या त्या नोंदीत पक्षाघाताने गेलेल्यांपैकी 46.3 टक्के माणसे पहिल्या महिन्यातच गेली होती.