जीपची पुढची कमान : मराठवाड्यातील पुनर्बांधणी

जुन्या विलिस आणि महिंद्र जीपच्या पुढच्या आसाखालचे पाटे, त्यांचे शॅकल (पाट्याचे टोक सांगाड्याला झुलते जोडणारी कडी) व बुश, आसाच्या टोकांतील किंगपिन बेअरिंगा आणि स्टिअरिंगचे दांडे हा सगळा संच उतरवून नव्याने बसवण्याचे काम. नांदेड-लातूर भागात जुन्या गाडीचा शौक म्हटला की बहुधा जीपच समोर येते, म्हणून हे काम येथे वेगळे नोंदवण्याजोगे आहे.

महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुट्या भागांतून विलिस जीप जोडायला सुरुवात केली. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनली. भारतात तिचे वंशज त्यानंतरही कित्येक वर्षे निघत राहिले. तहसील, पोलीस, पाटबंधारे अशा खात्यांतून लिलावात निघालेल्या जीप मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या वाड्यात आल्या. त्यांची लांब भावंडे काळी-पिवळी होऊन लातूरहून औसा-निलंग्याकडे आणि नांदेडहून लोहा-कंधारकडे धावली. पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असे रंगवलेली जीप पाहिलेले लोक अजून पुष्कळ आहेत.

या गाडीत पुढेही मागच्यासारखाच सलग आस असतो. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. त्यात काळ्या जमिनीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो आणि डांबराला लाटा येतात. साहजिकच धक्क्यांचा दोष पाट्यांना दिला जातो. प्रत्यक्षात पाटा सहसा शेवटचा गुन्हेगार असतो. झीज आधी होते ती शॅकलच्या आट्यांत, किंगपिनच्या बेअरिंगांत आणि बेलक्रँकमध्ये. (बेलक्रँक म्हणजे पुढच्या आडव्या पट्टीवर फिरणारा तो कोपरा, जो स्टिअरिंगचा दांडा आणि दोन्ही टायरॉड यांना जोडतो.) बेलक्रँकची खुंटी ढिली असेल तर सगळे टायरॉड एंड नवे घालूनही स्टिअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, जात नाही. एंड बदलणे सोपे, म्हणून तेच आधी बदलले जातात.

जादा पाट्यांचा रोग वेगळा आणि अधिक खोडकर. प्रवासी किंवा माल लादण्यासाठी मागच्या बाजूला एक-दोन पाटे वाढवले की गाडीचे बूड वर उचलले जाते, नाक खाली जाते आणि पुढच्या किंगपिनचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. या जीपना तो सुमारे ३ अंश लागतो. तो घटला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि प्लेची भर पडली की ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात. दुखणे पुढे दिसते, कारण मागे असते. म्हणून पुनर्बांधणीची सुरुवात मागचे जादा पाटे काढून गाडी मूळ उंचीवर आणण्यापासून करावी. पुढे मात्र हौसेने जाड पाटे घालणारे अजून भेटतात.

बसलेल्या पाट्याला पुन्हा बाक देण्याचे काम लोहाराकडे जाते. तापवून वाकवलेला पाटा योग्य रीतीने पाणी देऊन पुन्हा मंद तापवला नाही, तर तो लवकर बसतो किंवा कडक होऊन तुटतो. थंड ठोकून, थोडा थोडा बाक देणे सावकाशीचे, पण पोलादाचे पाणी न बिघडवणारे. जोडताना प्रत्येक पाटा घासून मध्ये ग्राफाइट ग्रीस लावावे आणि सेंटर बोल्ट नवा घालावा.

जुन्या शॅकलचे बुश रबराचे नसून आट्यांचे असतात. काही उजव्या आट्यांचे, काही डाव्या. डाव्या आट्यांच्या शॅकलवर ओळखीचा उंचवटा असतो. तो न पाहता जोर लावला की आटे गेले. बुश पूर्ण आवळायचे नसतात: शॅकल हाताने झुलले पाहिजे आणि ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर आले पाहिजे.

चारही चाकांना ओढ असलेल्या जीपमध्ये किंगपिन म्हणजे आसाच्या टोकावरील गोलकाच्या वर-खाली बसलेल्या दोन शंक्वाकार बेअरिंगा. गोलकाच्या नमद्याच्या सीलमधून काळी चिकणमाती आत शिरते आणि ग्रीसचे घासणद्रव्य होते. गंज चढून खड्डे पडलेला गोलक गुळगुळीत न करता नवे सील घातले तर ते लवकरच फाटते. बेअरिंगांचा ताण टोपणांखालच्या पातळ शिमांनी जुळवतात. सील काढलेले असताना स्टिअरिंगच्या हाताला स्प्रिंगचा ताणकाटा लावून ओढावे. वळायला साधारण साडेपाच ते सात किलो जोर लागला पाहिजे. ‘हाताला जड लागेल इतके’ हे गॅरेजमधले माप अनुभवी हाताला साधते, इतरांना नाही.

पुनर्बांधणी करताना नोंदणीचे नियमही ध्यानात ठेवावे लागतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून व्हीए मालिकेतला वेगळा क्रमांक मिळू शकतो. सांगाडा, बॉडी वा एंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. झिजलेले बुश बदलणे ही दुरुस्ती. पण पुढचा आस काढून दुसऱ्या गाडीची कॉइल स्प्रिंगची मांडणी घालण्यासाठी चेसिस कापणे-जोडणे या अटीत बसणार नाही.

काम झाल्यावर चाकांचा टो-इन, म्हणजे पुढच्या बाजूने आत वळलेला कल, मोजून टायरॉड जुळवतात. गाडी काही शे किलोमीटर चालली की पाटे एकमेकांवर बसतात आणि त्यांना आसाशी बांधणारे यू-बोल्ट सैल पडतात. तेव्हा ते पुन्हा आवळावे लागतात.