एका मिनिटाची कुस्ती

भारतीय माणसाने स्वतः कॅमेरा चालवून टिपलेल्या अगदी सुरुवातीच्या चलच्चित्रांत एक कुस्ती आहे. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची लढत फितीवर उतरवली. चित्रपटाच्या इतिहासाची पुस्तके एवढे सांगतात आणि पुढच्याच परिच्छेदात १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’कडे वळतात. कुस्तीचा शौकीन असल्यामुळे मी मात्र त्या एका ओळीपाशी गेली कित्येक वर्षे अडखळतो आहे. नव्या यंत्रासमोर उभे करायला मुंबईत काय कमी होते? समुद्र होता, घोड्यांची ट्राम होती, शर्यतीचे मैदान होते. मग कुस्तीच का?

शोध घेत गेलो तसे लक्षात आले, की ही एकट्या सावे दादांची लहर नव्हे. अंगाला अंग भिडणारे खेळ, पडदा आणि हाती आलेले नवे यंत्र या तिन्हींचे सूत जन्मापासून जमलेले आहे. तिन्हींचा नाद असलेला माणूस आजही घरोघर सापडतो आणि रिकामटेकडा ठरतो. पण या मैत्रीत खेळाने एक किंमत मोजली आहे. ती कोणती, हे सांगण्यासाठी हा लेख.

हौसेची किंमत : २१ गिनी

सावे दादा मुंबईत छायाचित्रणाचा स्टुडिओ चालवत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला. त्यानंतर शहरात ज्यांना या यंत्राचा ध्यास लागला त्यांत ते अग्रभागी होते. इंग्लंडच्या रायली ब्रदर्स कंपनीचा कॅमेरा त्यांनी २१ गिनी मोजून मागवला. फीत धुण्याची सोय इथे नव्हती, म्हणून ती विलायतेला पाठवावी लागली. म्हणजे कुस्ती मुंबईत झाली, आणि आपण ती नीट टिपली की नाही हे टिपणाऱ्याला कळायला बोटीचा जाऊन-येऊन प्रवास व्हावा लागला.

आता त्या कॅमेऱ्याच्या मर्यादा पाहा. त्या काळी कॅमेऱ्यात मावणारी फीत जेमतेम मिनिटभराची असे. ल्युमिए यांची सतरा मीटरची फीत सुमारे पन्नास सेकंदांत संपे. कॅमेरा तिकाटण्यावरून हलत नसे. लख्ख ऊन लागे. आवाज नव्हता. अशा यंत्राला पेलेल असे दृश्य कोणते? जागा आखीव हवी, माणसे दोनच हवीत, हालचाल अखंड हवी आणि ती समजायला भाषा लागू नये. शिवाय शेवट काय होणार याची उत्सुकता हवी. या सगळ्या अटी पुऱ्या करणारी गोष्ट म्हणजे दोन माणसांची लढत.

सहा फेऱ्या, सहा पेट्या

हे गणित सावे दादांच्या आधी पाच वर्षे अमेरिकेत मांडले गेले होते. न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे एडिसनचा ‘ब्लॅक मारिया’ नावाचा स्टुडिओ होता : डांबरी कागदाने मढवलेली, छप्पर उघडणारी आणि सूर्याच्या दिशेने फिरवता येणारी शेड. तिथे जून १८९४ मध्ये लेनर्ड आणि कुशिंग यांची आणि सप्टेंबरमध्ये जगज्जेता जेम्स कॉर्बेट आणि कोर्टनी यांची मुष्टियुद्धे चित्रित झाली. ती किनेटोस्कोप नावाच्या पेटीत एकेकट्याने डोकावून पाहायची. सहा फेऱ्यांसाठी सहा पेट्या आणि प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे.

मुष्टियुद्धाची फेरी नियमाप्रमाणे तीन मिनिटांची. पेटीत मात्र, फितीची लांबी वाढवूनही, जेमतेम एका मिनिटाचीच फीत बसे. म्हणून फेरीच एका मिनिटाच्या आसपास आणली गेली. यंत्र खेळाच्या मापाचे करता येईना, तेव्हा खेळ यंत्राच्या मापाचा केला. 

या उद्योगामागच्या लॅथम कुटुंबाला पुढे अख्खी लढत सलग पडद्यावर दाखवायची होती. पण लांब रीळ यंत्राच्या हिसक्यांनी तुटे. उपाय साधा निघाला : भिंगामागच्या खिडकीच्या वर आणि खाली फितीला थोडी ढील ठेवायची, म्हणजे हिसका त्या ढिलाव्यात जिरतो. श्रेय नेमके कोणाचे याबद्दल वाद आहेत, पण या युक्तीला ‘लॅथम लूप’ हेच नाव पडले. गावच्या टूरिंग टॉकीजपर्यंत प्रत्येक प्रोजेक्टरमध्ये ती वाटोळी ढील होती. २० मे १८९५ रोजी लॅथम यांनी न्यूयॉर्कमध्ये ग्रिफो आणि बार्नेट यांची लढत पैसे घेऊन पडद्यावर दाखवली. ल्युमिए बंधूंचा पॅरिसमधला सुप्रसिद्ध खेळ त्यानंतर सात महिन्यांनी, २८ डिसेंबरला झाला.

१७ मार्च १८९७ रोजी नेवाडातील कार्सन सिटी येथे कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स यांची लढत ६३ मिलिमीटर रुंदीच्या खास फितीवर टिपली गेली. फिट्झसिमन्स चौदाव्या फेरीत जिंकला. तो खेळ पडद्यावर दीड तासाहून अधिक चाले. लोकांनी इतका वेळ अंधारात बसून चलच्चित्र पाहिले ते प्रथम एका मारामारीसाठी, कथेसाठी नव्हे.

कुस्तीला घड्याळ नव्हते

आता हँगिंग गार्डनकडे परत येऊ. मुष्टियुद्धाला फेऱ्या तरी होत्या. आपल्या मातीतल्या निकाली कुस्तीला घड्याळच नव्हते. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली, की ती कधी संपेल हे वस्तादही सांगू शकत नसे. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गामा आणि झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालून बरोबरीत राहिली. हेच दोघे १९२८ मध्ये पतियाळाला भिडले, तेव्हा गामाने मिनिटाच्या आत प्रतिस्पर्ध्याला आसमान दाखवले. पहिली कुस्ती कुठल्याच फितीत मावली नसती. दुसरी सावे दादांच्या कॅमेऱ्यातही मावली असती.

म्हणून मला वाटते, की सावे दादांपुढे दोनच वाटा होत्या : चालू कुस्तीचा एक तुकडा उचलायचा, नाहीतर पैलवानांना सांगून मिनिटात उरकेल अशी जोड लावायची. दुसरी वाट धरली असेल, तर पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी हे नुसते पैलवान राहत नाहीत. कॅमेऱ्याकडे भान ठेवून डाव टाकणारे आपल्याकडचे पहिले मारधाडपटाचे नट ते हेच. कॉर्बेटला त्याच्या फितीवर रॉयल्टी मिळाली. या दोघांच्या वाट्याला इतिहासातली एक ओळ आली, आणि तीही टिपणाऱ्याच्या नावाखाली.

शंभर वर्षांनी तोच प्रश्न

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी स्पर्धा झाली. प्रेक्षक घरी बसून, त्या एका कार्यक्रमाचे पैसे भरून, केबलवर ती पाहत होते. लढतीला वेळेची मर्यादा नव्हती. शेवट होईल तेव्हा होईल, हे आपल्या निकाली कुस्तीसारखेच. डिसेंबर १९९४च्या चौथ्या स्पर्धेत रॉइस ग्रेसी आणि डॅन सेव्हर्न यांची अंतिम लढत लांबली, केबलची ठरलेली वेळ संपली आणि पुष्कळ घरांतले प्रक्षेपण निकालाआधीच तुटले. एप्रिल १९९५च्या पाचव्या स्पर्धेपासून लढतीला घड्याळ लागले. एडिसनच्या पेटीने जे केले तेच शंभर वर्षांनी केबलने केले. आज आंतरराष्ट्रीय कुस्तीही तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांत, तीस सेकंदांच्या विश्रांतीसह चालते. त्यात खेळाडूंच्या सुरक्षेचा आणि न्यायाचा भाग आहे, हे खरे. पण ज्या खेळात वाट पाहणे हाच एक डाव होता, तो डाव गेला.

संपलेली कॅसेट

माझे शिक्षण या विषयातले नाही. ते झाले तालमीत आणि भाड्याच्या व्हिडिओवर. १९८२च्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आला. आम्ही पोरे वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर आणायचो आणि ‘एंटर द ड्रॅगन’ थांबवून, मागे नेऊन, ब्रूस लीचा पाय नेमका कुठून सुटतो ते बघायचो. वस्ताद एकदा आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “अरे, हा गडी चांगलाय. पर तुम्ही त्याला श्वास घेऊ देईना.”

पुढे नव्वदच्या दशकात गावातल्या एका हौशी फोटोग्राफरने व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि यात्रेचे कुस्त्यांचे मैदान टिपले. ती तीन तासांची कॅसेट आज माझ्याकडे आहे. एक नंबरची कुस्ती खडाखडीत अडकते, ऊन उतरते, हलगीचा ताल वाढतो आणि कॅसेट संपते. निकाल तिच्यात नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांच्यात आजही एकमत नाही, आणि दरवर्षी त्यांतला एखादा कमी होतो.

जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. कॅसेटला बुरशी चढते, चित्रावर पांढऱ्या रेघा येतात. अशा कॅसेटी महाराष्ट्रात किती माळ्यांवर, लग्नाच्या कॅसेटींच्या गठ्ठ्यांत पडून असतील! सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या मातीतल्या कुस्तीचा, घड्याळ लागण्यापूर्वीच्या श्वासाचा, तो उरलासुरला दस्तऐवज आहे. तो कोणत्याही संस्थेने नव्हे, यंत्राचा आणि कुस्तीचा नाद असलेल्या माणसांनी जमवला. सावे दादांनी जमवला होता, तसाच.

या दिवाळीत माळा आवरताना तशी कॅसेट हाती लागली, तर भंगारवाल्याला देण्याआधी तिच्यातले चित्र संगणकावर उतरवून घ्या. आणि एका कागदावर पैलवानांची नावे लिहून ठेवा. दोघांचीही.