तळटीप ७ : ‘नळी गिळून केलेला एको’
७. टोकाशी ध्वनिलहरींचे यंत्र बसवलेली लवचीक नळी अन्ननलिकेत उतरवून घेतलेले हृदयाचे चित्र. अन्ननलिका डाव्या कर्णिकेला मागून जवळजवळ चिकटलेली असते. त्यामुळे छातीवरून केलेल्या एकोत फासळ्या-फुप्फुसांआड राहणारे बरेच काही इथे दिसते : झडपेवर लोंबणारे जंतूंचे पुंजके (यांचा तुकडा सुटून मेंदूत गेला की पक्षाघात), झडपेला पडलेले भोक, कडेला साचलेला पू. हृदयाच्या अशा जंतुसंसर्गाचे निदान ठरवणाऱ्या १९९४च्या ड्यूक निकषांनी एकोला रक्तातल्या जंतूंच्या तपासणीइतकेच वजन दिले. २०२३मध्ये सीटी व पेट स्कॅनही त्यांत आले. मजकुरातल्या ‘पहिला एको स्वच्छ’ या शेऱ्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते. संशय उरला तर पाच ते सात दिवसांत तपासणी पुन्हा करतात.