नाव नसलेला गुणधर्म

मागच्या व्याख्यानात आपण नाव आणि वस्तू यांच्या नात्यापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न पीएचपीत पाहू. रासमस लेरडॉर्फ यांनी 1995 साली ती लोकांपुढे ठेवली ती वेबपानं चटकन उभी करण्यासाठी. त्यामुळे स्वभाव सैल. क्लासमध्ये न सांगितलेल्या प्रॉपर्टीला किंमत दिली, की ती तिथल्या तिथे जन्माला यायची. सोय खरीच. पण बघा, एपीआयला विनंती पाठवणाऱ्या ऑब्जेक्टवर ‘टोकन’ऐवजी आपल्या हातून ‘टोकण’ लिहिलं गेलं. पीएचपी गप्प! विनंती ओळखीविना जाते, सर्व्हर 401 म्हणतो, आणि आपण रात्रभर सर्व्हरला बोल लावतो.

2004 च्या पाचव्या आवृत्तीत ‘गेट’ आणि ‘सेट’ या मॅजिक मेथड आल्या. त्यांतून मिळणारी प्रॉपर्टी क्लासच्या मजकुरात कुठेच दिसत नाही, म्हणून डोक्यावरच्या टिपणीत ‘@प्रॉपर्टी’ लिहून तिची नोंद करायची रीत पडली. ही टिपणी वाचतो माणूस, वाचतो त्याचा एडिटर. कोड चालवताना पीएचपी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. चूक लपायची ती लपतेच.

अखेर डिसेंबर 2022 मध्ये 8.2 आवृत्ती अशा आगंतुक प्रॉपर्टीबद्दल कुरकुरू लागली. ज्यांना ती हवीच, त्यांनी क्लासवर तशी परवानगी लिहायची. आम्हाला हे सत्तावीस वर्षं उशिरा आलेलं शहाणपण वाटतं.