अंबारखान्याची शिल्लक

पन्हाळगडावरील अंबारखान्याच्या, म्हणजे धान्यकोठाराच्या, गंगा, यमुना व सरस्वती या तीन कोठ्यांपैकी गंगाकोठी सर्वांत विशाल असून, तिच्यात २५,००० खंडी धान्य मावत असे अशी प्रसिद्धी आहे. बाहेरील पायऱ्यांनी छतावर चढून तेथील झरोक्यांतून धान्य आत ओतीत. परंतु वरून ओतलेल्या धान्याची रास मध्यभागी चढते आणि कडा सखल राहतात, त्यामुळे झरोक्यातून डोकावणाऱ्यास कोठी वस्तुतः आहे त्याहून अधिक भरलेली भासावी, हा दृष्टिभ्रम अटळच होय. म्हणूनच शिवकाली गडाच्या धान्यसामग्रीचा हिशेब राखणाऱ्या कारखानिसाची मदार नजरेपेक्षा मापावर असणार: चार शेरांची पायली, पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, या क्रमाने जमा व खर्च कागदी चढवून शिल्लक काढावयाची. उंदीर, कीड आणि गडावरची दमट हवा मात्र दफ्तरात वर्दी देऊन धान्य उचलीत नसत (माझ्या मते त्या खात्याचे खरे वतनदार हेच), तेव्हा कागदावरील आणि कोठीतील शिलकेत तूट पडावयाचीच. १६६० साली या गडास पडलेला आदिलशाही सरदार सिद्दी जौहराचा वेढा महिनोन्महिने चालला. अशा प्रसंगी धान्य शिबंदीस आणखी किती दिवस पुरेल, या प्रश्नाचे उत्तर त्या तुटीवरच अवलंबून राही.