नेम धरायला शंभर वर्षं

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, असते जेमतेम अक्रोडाएवढी. वर मूत्राशय, मागे गुदाशय आणि मूत्रमार्ग तर तिच्या आरपार गेलेला. किरणोपचाराचा इतिहास या अडचणीच्या शेजारानेच घडवला. किरणांनी गाठ आक्रसते हे डॉक्टरांना फार लवकर उमगलं होतं. शेजाऱ्यांना न भाजता ते कसं साधायचं, हे शिकण्यात शतक गेलं.

क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधलं. त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच पॅरिसमध्ये मिने या डॉक्टरांनी कॅथेटरमधून रेडियमची नळी मूत्रमार्गात सरकवून ती प्रोस्टेटपाशी नेऊन ठेवली. ऑक्ताव्ह पास्तो यांनी ही पद्धत पुढे नेली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले ह्यू यंग हे खरं तर सर्जन. कॅन्सर झालेली ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया १९०४ मध्ये त्यांनीच रुजवली. पण बहुतेक रोगी आजार हाताबाहेर गेल्यावर येत, म्हणून त्यांनीही रेडियम हाती घेतलं आणि मूत्रमार्ग, मूत्राशय, गुदाशय अशा तिन्ही वाटा वापरल्या.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात बेंजामिन बॅरिंजर यांनी १९१५ च्या सुमारास चौथी वाट काढली. अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून रेडियमची सुई थेट ग्रंथीत टोचायची, आणि दुसऱ्या हाताचं बोट गुदाशयात ठेवून ती कुठे पोहोचली ते चाचपायचं. बोटाला लागेल तोच अंदाज! ही वाट वाचकांनी लक्षात ठेवावी, ती पुन्हा भेटणार आहे.

पण रेडियम भलतं महाग, ग्रॅमला लाख डॉलरच्या पुढे. आणि सुई किंचित चुकली तरी गुदाशयाला जखम. बाहेरून क्ष-किरण द्यावेत, तर त्या काळची यंत्रं दुबळी. ग्रंथी खोल, तिथवर पुरेशी मात्रा पोहोचण्याआधीच कातडी जळायची. त्यात १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं, की पुरुषी हार्मोनचा पुरवठा तोडला तर हा कॅन्सर माघार घेतो. हाडांच्या दुखण्याने तळमळणारे रोगी काही दिवसांत उठून बसू लागले. या शोधाला १९६६ चं नोबेल मिळालं. एवढा सोपा उपाय समोर असताना रेडियमच्या सुया कोण टोचत बसणार? हा कॅन्सर किरणांना दादच देत नाही, असा समजही पक्का होत गेला.

तो मोडायला ताकदवान यंत्रं यावी लागली. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० ची यंत्रं सुरू झाली, १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लिनॅक, म्हणजे रेखीय त्वरक, चालू झाला. या किरणांची जास्तीत जास्त मात्रा कातडीवर न पडता आत उतरते. १९५६ मध्ये स्टॅनफर्डला लिनॅक आला आणि माल्कम बॅगशॉ यांनी प्रोस्टेटचे रोगी घ्यायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्यांना त्यांनी बाहेरून मोठी मात्रा दिली, रोज थोडी-थोडी, काही आठवडे. १९६५ मध्ये त्यांनी कॅप्लान आणि सॅगरमन यांच्यासह निष्कर्ष छापले. माझ्या मते या सगळ्या कथेचा खरा नायक बॅगशॉच. बाकीच्यांनी साधनं दिली, यांनी समज बदलला.

इकडे सुईची वाटही मिटली नव्हती. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्येच विलेट व्हिटमोर यांनी पोट उघडून आयोडीन-१२५ चे बारीक दाणे हाताने ग्रंथीत पेरले. पेरणी विरळ-दाट झाली. जिथे दाणे नाहीत तिथे कॅन्सर परतला. मग १९८३ मध्ये डेन्मार्कच्या हान्स हेन्रिक होल्म यांनी गुदाशयात अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवून, पडद्यावर बघत, बॅरिंजर यांच्याच वाटेने दाणे सोडले. सत्तर वर्षांनी फक्त बोटाची जागा प्रोबने घेतली होती. सिअ‍ॅटलच्या राग्डे आणि ब्लास्को यांनी हे तंत्र अमेरिकेत रुजवलं.

पुढे सीटी स्कॅन आले, संगणक आले, किरणांना ग्रंथीच्या आकारात कापणारं आयएमआरटी आलं. तरी ग्रंथी एका जागी राहत नाही. गुदाशयात वायू भरला की ती सरकते. म्हणून कोट्यवधींच्या यंत्रासमोर आजही रोग्याला सांगतात: पोट साफ करून या, मूत्राशय भरलेलं ठेवा. हगिन्सच्या ज्या शोधाने रेडियमला बाजूला सारलं, तोही सोबतीला परतला. मिशेल बोला यांच्या १९९७ च्या युरोपीय अभ्यासात रेडिएशनला तीन वर्षं हार्मोन-उपचाराची जोड दिल्यावर पाच वर्षं जगणारे ६२ वरून ७९ टक्क्यांवर गेले.

मुंबईचाही यात हात आहे. टाटा मेमोरियलच्या पॉप-आरटी चाचणीत जास्त जोखमीच्या २२४ रोग्यांपैकी निम्म्यांना फक्त ग्रंथीवर, निम्म्यांना ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींवरही किरण दिले. २०२१ चा निकाल: पाच वर्षांनी रक्तातलं पीएसए, म्हणजे कॅन्सर परतल्याची खूण देणारं प्रथिन, पुन्हा न वाढलेले अनुक्रमे ८१ आणि ९५ टक्के. जगभरच्या तज्ज्ञांना याची दखल घ्यावी लागली.

राहिला नेहमीचा प्रश्न, चाकू की किरण? इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी १९९६ मध्ये स्वतःच्या आजारावर लिहिलं, तेव्हा त्यांची तक्रार हीच होती, की जो तो डॉक्टर आपलाच उपचार सुचवतो. ब्रिटनच्या प्रोटेक्ट चाचणीने याचं बरंच उत्तर दिलं. ग्रंथीतच असलेल्या कॅन्सरच्या १६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा नुसती देखरेख अशा तीन गटांत वाटलं. पंधरा वर्षांनी या कॅन्सरने दगावलेले तिन्ही गट मिळून ४५, आणि गटागटांत फारसा फरक नाही. फरक त्रासात: शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा जास्त सुटतो, रेडिएशननंतर शौचाच्या तक्रारी होतात. तेव्हा घरातल्या कुणाच्या बायोप्सीत असा कॅन्सर निघाला, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांनाही एकदा भेटा, आणि दोघांनाही विचारा, थांबून नुसतं लक्ष ठेवलं तर चालेल का.